खोकला काढून टाकलेले अण्णा

खड्‌खड्‌खड्‌!

दचकू नका, मंडळी. झाकण आहे. पातेल्यावरचं झाकण. भात शिजतोय आतमध्ये, आणि वाफेनं झाकण उडतंय — एवढंच! पण ज्या घरात दहा दिवस कुणी मोठ्यानं बोललेलं नाही, त्या घरात सकाळच्या पारी ते झाकण केवढं वाजतं म्हणून सांगू! मृण्मयी — त्या घरची सून — धावत आली. गॅस बारीक केला, झाकण तिरकं सरकवलं. पुन्हा सगळं शांत. आणि त्या शांततेत बाहेरच्या खोलीतून आवाज आला —

"चहा झाला का गं?"

मृण्मयीच्या हातातला डाव खाली पडला! का पडला? चहा मागितला म्हणून? अहो, सून घरी आली की सासरे मागायचेच चहा. पण ज्या सासऱ्यांनी चहा मागितला ना — त्यांच्याच दहाव्याचा भात त्या शेगडीवर शिजत होता!

हं! आता कशा पुढच्या रांगेतल्या आजी सरसावून बसल्या! नाही हो आजी, भुताची गोष्ट नाही ही. भूत परवडलं. भुताला निदान लाज असते, ते दिवसा येत नाही!

तर ऐका. आधी प्रश्न, मग गोष्ट. माणूस जिवंत असतो, समोर बसून बोलत असतो, तेव्हा आपल्याला ऐकायला वेळ नसतो. तो गेला रे गेला, की त्याचा आवाज आपल्याला हवा असतो — कितीही खटपट करून हवा असतो! मला सांगा, ही माया म्हणायची, की सोय? हा प्रश्न मी पांडुरंगाच्या पायाशी ठेवते, आणि तुम्हाला संगमनेरला घेऊन जाते.

प्रवरेच्या काठाला एक दुकान. पाटी — 'खर्डे साऊंड सर्व्हिस'. मालक दिगंबर खर्डे, अख्ख्या गावाचे अण्णा. लग्न असो, सभा असो, शाळेचं स्नेहसंमेलन असो — भोंगा अण्णांचा! गावात ज्याला ज्याला चारचौघांत काही सांगायचं होतं, त्याचा आवाज या माणसानं लांबवर पोचवला. आम्हा कीर्तनकारांचा सुद्धा. आता हा माईक मघापासून कुंई कुंई करतोय — अण्णा असते तर नसता करत. ओ माईकवाले दादा, तोंड नका पाडू, तुम्हालाही जमेल!

दुकान घराला लागूनच. रोज सकाळी अण्णा शटर वर करायचे, माईक हातात घ्यायचे, घसा खाकरायचे, आणि त्यांची एक ठरलेली ओळ — "हॅलो... हॅलो... द्वारका, येतंय का ऐकू?"

द्वारका म्हणजे त्यांची बायको. घरचे तिला माई म्हणतात. ती पिठाचे हात तसेच घेऊन आतून ओरडायची — "येतंय हो! येतंय!"

झालं! माईकही तपासून झाला, बायकोही तपासून झाली. गल्ली हसायची. पण गल्लीतल्या बायका हसता हसता आपापल्या नवऱ्यांकडे बघायच्या. आपल्याला कधी विचारलंय का हो यानं, ऐकू येतंय का म्हणून?

दोन मुलगे. थोरला शैलेंद्र, पुण्यात कॉम्प्युटर कंपनीत. मृण्मयीही पुण्यातच नोकरीला, आणि त्यांची पाच वर्षांची रेवा. धाकटा किरण नाशकात लग्नांचं शूटिंग करतो. म्हणजे एकाकडं यंत्र, दुसऱ्याकडं कॅमेरा. कान कुणाकडंच नाही!

मुलं लांब गेली, तेव्हा अण्णांनी काय केलं? माईक ठेवला आणि फोन उचलला. रोज सकाळी फोनवर बोलून निरोप पाठवायचे. "शैल्या... (खॉक्‌ खॉक्‌)... तिकडं पाऊस आहे का रे? रेवाची सर्दी गेली का? आपल्या गल्लीतली ती मोठी चिंच पाडली रे... (खॉक्‌)... ऐकू येतंय का रे?"

आणि मुलांचं उत्तर काय? हात जोडलेलं चित्र! ऐकून नव्हे हं — न ऐकता! निरोप तसाच बंद, आणि वर हात जोडलेले. बाप आहे की देवळातली मूर्ती? लांबून नमस्कार करायचा आणि पुढं जायचं?

हसताय! हसा. पण आपापल्या खिशावर हात ठेवून हसा.

तर असे अण्णा गेले. झोपेत गेले, कुणाला त्रास दिला नाही. रडारड झाली, मुलं आली. आणि चौथ्या-पाचव्या दिवशी किरणनं फोनवर एक बातमी वाचली. तुम्हीही वाचल्या असतील असल्या बातम्या — म्हणे आता गेलेली माणसं बोलणार! त्यांचा आवाज द्या, यंत्र तो आवाज शिकतं, आणि तुमच्याशी गप्पा मारतं. जन्माला घालणं अजून देवाकडं आहे. मेल्यावर बोलायला लावणं मात्र आता कंपनीकडं!

किरण म्हणाला, "दादा, आपण अण्णांना परत आणू!"

शैलेंद्र म्हणाला, "पण त्यांचा एवढा आवाज आणायचा कुठून?"

कुठून? अरे, खिशातून! दोघांच्या फोनमध्ये अण्णांचे निरोप गच्च भरलेले! सगळे उचलले आणि कंपनीला धाडले. धाडण्याआधी एक तरी ऐकला असेल? नाही! ऐकायला वेळ कुठं होता, पाठवायची घाई होती ना!

आणि कंपनीची कामगिरी बघा. कंपनी म्हणाली, आम्ही आवाज स्वच्छ करून देतो. म्हणजे काय? खोकला काढला. घसा खाकरणं काढलं. बोलता बोलता गप्प व्हायचे, ती गप्प व्हायची जागा काढली. आणि प्रत्येक निरोपाच्या शेवटी तेच तेच येत होतं — 'ऐकू येतंय का रे' — तेही काढलं. कचरा म्हणून काढलं! अहो, बापातून खोकला काढला, राग काढला, प्रश्न काढला — तर मागं काय उरतं? होयबा! 'हो बाळा, हो बाळा' करणारा होयबा!

त्या होयबानं दहाव्याच्या सकाळी चहा मागितला होता. आता चला परत त्या घरात.

बाहेरच्या खोलीत सतरंजीवर फोन ठेवलेला. दोघे भाऊ त्याच्यापुढं मांडी घालून बसलेले — आरतीला बसावं तसे! भिंतीला टेकून, हातभर अंतरावर, माई पत्रावळी पुसत बसलेली. रेवा फोनच्या अगदी जवळ.

"अण्णा, बरे आहात ना?" शैलेंद्रनं विचारलं.

"मी अगदी मजेत आहे, बाळा! तुझा आजचा दिवस कसा चाललाय?"

दहावा चाललाय ना त्याचा! बापाचा दहावा! कसा चालणार आणखी?

रेवा वाकून म्हणाली, "आजोबा, तुम्ही कुठं आहात?"

"मी नेहमी तुझ्याजवळच आहे, सोन्या!"

पोरगी चटकन मागं वळून बघायला लागली हो. मागं कोण? कुणी नाही. खुंटीवर अण्णांची टोपी. पोरगी टोपीकडं बघते, फोनकडं बघते, पुन्हा टोपीकडं बघते. दारात उभी असलेली मृण्मयी ते बघत होती.

मग शैलेंद्रनं मुद्द्याला हात घातला. "अण्णा, माईला आम्ही पुण्याला घेऊन जातोय. कायमची. रेवाला आजी मिळेल, माईला सोबत होईल. चालेल ना तुम्हाला?"

"किती छान विचार, बाळा! द्वारकाला पुण्यात खूप आनंद होईल."

माईचा पत्रावळीवरचा हात थांबला.

मंडळी, इथं जरा थांबा. ज्या बाईला घर सोडायचं, ती हातभर अंतरावर बसलीय! श्वास घेतीय! तिला विचारलं नाही — फोनला विचारलं! आणि का? कारण ती 'नाही' म्हणाली असती, आणि फोन 'हो' म्हणणार हे ठाऊक होतं!

"हे तुमचे अण्णा नव्हेत," माई म्हणाली.

"माई, अगं हुबेहूब आवाज आहे!" किरण म्हणाला.

"आवाज आहे रे. पण तुझ्या बापानं ऐकल्या ऐकल्या कधी 'किती छान' म्हटलंय? आधी खोकले असते. मग म्हणाले असते, बघू. मग रात्री जेवताना मला म्हणाले असते, हे पोरगं काहीतरी खूळ काढतंय."

"तू थकलीयेस, माई," शैलेंद्र समजुतीच्या सुरात म्हणाला. "अण्णांचीच इच्छा आहे म्हटल्यावर तू तरी आता नाही म्हणू नकोस."

बघा! जन्मभर जो आवाज तिला विचारत आला, 'ऐकू येतंय का' — तोच आवाज आता तिला गप्प करायला वापरला!

आणि मृण्मयी? तिला सगळं दिसत होतं. माईचा थांबलेला हात दिसत होता. या बाईचं सगळं जगणं या दाराच्या चौकटीत आहे, समोरच्या गल्लीत आहे, हे तिला कळत होतं. पण रोज सकाळी पाळणाघराच्या दारात रेवा तिचा दुपट्टा धरून ठेवते, आणि ती एकेक बोट सोडवून ऑफिसला पळते — हेही खरंच होतं ना? रेवाला ताप आला की कामावर रजा मागताना हिचाच घसा कोरडा पडतो, तेही खरंच. तिला सासू हवी होती, मंडळी. वाईट बाई नव्हे हो ती. पण गरज असली की माणसाला खोटं दिसूनही दिसत नाही. ती आत गेली, पडलेला डाव उचलला, आणि धुवायला घेतला.

निघाले सगळे घाटावर. पिंड मांडले. शेजारी पानावर अण्णांच्या आवडीची कांदाभजी, चहाचा पेला. पाहुणे, गल्ली, सगळे जमलेले. समोर बाभळीवर कावळे — ही गर्दी! आणि वर काय? घूंऽऽऽ! किरणचा ड्रोन! परदेशातल्या पाहुण्यांना दहावा दिसला पाहिजे ना! लग्नात वरातीवर फिरवतो, तसा बापाच्या पिंडावर फिरवत होता. थोडा अजून खाली, थोडा अजून खाली...

कावळा येतोय? कसा येईल! त्याच्या डोक्यावर एवढं मोठं घोंगावणारं चक्र फिरतंय! तुमच्या ताटावर कुणी पंखा उलटा टांगला, तर तुम्ही जेवाल का हो? पण ही गोष्ट कुणाच्या ध्यानात येतेय? सगळे म्हणतायत, अण्णांची इच्छा राहिली.

गुरुजी म्हणाले, "काही मनात राहिलं असेल. बोला. त्यांना शब्द द्या."

मग काय! किरणनं दुकानातून अण्णांचाच भोंगा आणलेला. फोन त्याला जोडला. अण्णांचा दहावा, अण्णांचा भोंगा, आणि अण्णांचा आवाज! लोकांच्या अंगावर काटा आला. मागचे पाहुणे रडू लागले. रडता रडता फोन वर करून चित्रणही करू लागले — एका डोळ्यानं रडायचं, एका डोळ्यानं शूटिंग!

"अण्णा, तुमची काय इच्छा राहिली?"

"माझी इच्छा एकच. तुम्ही सगळे आनंदी राहा!"

ऐकलंत? दिवाळीच्या शुभेच्छापत्रावर छापतात तसली इच्छा! असल्या इच्छेत कुठला बाप अडकून बसतो हो? बापाचा जीव अडकतो तो बारक्या गोष्टीत. नळ गळतोय त्यात. पोराची गाडी पोचली का त्यात.

कावळा जागचा हलला नाही.

शैलेंद्र पुढं झाला. "अण्णा, माईला पुण्याला नेतो! अंतर देणार नाही!"

कावळा हलला नाही.

किरण पुढं झाला. "अण्णा, दुकान वाया घालवणार नाही. तिथं माझा स्टुडिओ टाकतो!"

एका कावळ्यानं मान फिरवली. दुसरीकडं!

आणि तेवढ्यात भोंग्यातून, त्याच आवाजात, त्याच प्रेमानं, सगळ्या घाटाला ऐकू जाईल असं —

"अण्णांशी गप्पा इथंच थांबवू नका! पुढं चालू ठेवण्यासाठी कृपया खालचं बटण दाबा!"

घ्या! बाप बटणावर आला! फुकटातले अण्णा संपले होते, मंडळी. एकदा देवानं नेले होते, आता कंपनीनं नेले.

सगळा घाट गप्प. वरती घूंऽऽ तेवढं चाललंय. कुणीतरी मागं खोकलं. खरा, ओला, माणसाचा खोकला. आणि त्या खोकल्यासरशी माईनं मान वर केली — जशी काय हाकच आली!

शैलेंद्र पैसे भरायला फोनवर अंगठा घासत रेंज शोधत होता. मृण्मयी माईकडं बघत होती. सकाळपासून तोंडात धरून ठेवलेला शब्द तिला आता धरवेना. ती माईजवळ जाऊन उकिडवी बसली आणि हळूच म्हणाली, "माई, तुम्ही सांगा ना. अण्णा कशात अडकले असतील? आणि — तुम्हाला काय हवंय?"

दहा दिवसांत पहिल्यांदा, मंडळी! पहिल्यांदा कुणीतरी जिवंत माणसाला विचारलं!

माई उठली. किरणनं घाईघाईनं माईक पुढं केला. तिनं तो हातानं बाजूला सारला. पिंडापाशी बसली, पदर सारखा केला, आणि घरात बोलावं तशी बोलली —

"येतंय हो. ऐकू येतंय. उद्या शटर मी वर करीन. मी कुठं जात नाही, इथंच आहे."

एवढंच. आणि बरोबर त्याच वेळेला वरचं घूंऽऽ बारीक झालं. बॅटरी संपली त्या ड्रोनची! भिरभिरत खाली आला आणि वाळूत नाक खुपसून बसला. आणि बाभळीवरनं एक कावळा उतरला, दोन उड्या मारल्या, आणि त्यानं भजं उचललं!

आता तुम्ही मला विचाराल, तो माईच्या शब्दाला आला, का घोंगावणं थांबलं म्हणून आला? ते मला नका विचारू. मी कीर्तनकार आहे, कावळा नाही! पण एवढं सांगते — डोक्यावरचं घोंगावणं थांबल्याशिवाय कुणीच कुणाजवळ येत नाही. कावळाही नाही, देवही नाही.

संपली गोष्ट? छे! खोड मोडलेली नाही अजून. घरी आल्यावर शैलेंद्र म्हणतो, "माई, कपडे भरून घे. जेवणं झाली की निघू, तेराव्याला येऊन जाऊ. अण्णा सकाळी म्हणालेच आहेत —"

"अण्णा काहीही म्हणालेले नाहीत," मृण्मयी म्हणाली. "म्हणालो आपण. त्यांच्या तोंडून."

"तू मध्ये का पडतेस? रेवाचं काय करायचं मग? रोज तूच रडतेस ना?"

खरंच होतं ते! उद्या परत ते पाळणाघर, परत ती बोटं सोडवायची. पण मृण्मयी म्हणाली, "रेवा आपली मुलगी आहे. तिचं आपण बघू. माईंना शटर उघडायचंय."

माई उठली. येऊन सुनेच्या पाठीवर हात ठेवला, आणि ठेवूनच उभी राहिली. मग मुलाला म्हणाली, "शैल्या, मी पण फोनवर बोलून पाठवत जाईन. ऐकत जा. आणि ते हात जोडलेलं चित्र मला पाठवू नकोस. मी देव नाही, मला उत्तर लागतं."

आता तुमच्याकडं वळते, मंडळी. खाली नका बघू! आपण मोठे हुशार लोक. चंद्रावर यान उतरवलं, मेलेल्याला बोलायला लावलं. पण घरात म्हातारी दोनदा तीच गोष्ट सांगायला लागली, की आपण म्हणतो, झालं तुझं सुरू! ती जी दोनदा सांगते ना, ती तुम्हाला कचरा वाटते. तो खोकला कचरा वाटतो. तिचं 'नाही' म्हणणं तर सगळ्यात मोठा कचरा! हे सगळं काढून टाकून तुम्हाला जे हवंय, ते माणूस नव्हे — आरसा आहे, आरसा! तुमचंच थोबाड, बापाच्या आवाजात! घरी गेलात की एक करा. फोनमधला एक तरी बंद निरोप उघडा. पूर्ण ऐका. खोकल्यासकट ऐका. आणि बोलणारा जिवंत असेल, तर तोंडानं म्हणा — येतंय ऐकू.

तुम्ही म्हणाल, बाई, शैलेंद्र तरी सुधारला का? सांगते. पुण्याच्या वाटेवर गाडीत काय झालं, तेवढं ऐका आणि उठा.

रेवा मागच्या सीटवर आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेली. गाडी चालवता चालवता शैलेंद्रला कल्पना सुचली. एकदम खुशीत आला! म्हणाला, "मृण्मयी, माई नाही तर नाही. आपण तुझाच आवाज घालू त्या यंत्रात! तुला ऑफिसात उशीर झाला, की ते रेवाला गोष्ट सांगेल. तुझ्याच आवाजात. न चिडता, न कंटाळता. रेवा, फोनमधली आई नेहमी तुझ्याजवळ असेल! आवडेल ना?"

रेवानं डोकं वर केलं. बाबांच्या पुढ्यात लावलेल्या फोनकडं बघितलं. मग आईचा दुपट्टा मुठीत धरला — रोज सकाळी धरते तसा, घट्ट — आणि आईला म्हणाली,

"ती फोनमधली आई माझ्याजवळ असेल, तेव्हा तू कुठं असशील?"